भ्यालेलं भात

आजऱ्याच्या पुढं डोंगरात एक लहान गाव आहे. तिथं मी पहिल्यांदा गेले ती सरांबरोबर, प्रयोगशाळेच्या जीपमधून, ऑगस्ट संपता संपता. एरवी त्या दिवसांत तिकडं छत्रीशिवाय अंगणातसुद्धा उतरता येत नाही. पण त्या वर्षी तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. उतारावरची नाचणी माना टाकून उभी होती. पानं विडीसारखी वळलेली, बुडातली पिवळी पडलेली. वळणावर सरांनी एकदम जीप थांबवायला सांगितली. एका बांधाच्या अलीकडं सगळं करपलेलं होतं आणि पलीकडं एक पट्टा हिरवा होता. मध्ये हातभर रुंदीचा दगडी बांध, एवढंच.

पट्ट्यात एक बाई खुरपत होती. साठी उलटलेली, काटक, पदर खोचलेला. आम्हाला बघून ती उठली नाही, नुसतं मान वर करून ओरडली, "काय बघतायसा पावणं?"

"तुमच्या नाचणीला पाणी कुठलं?" सरांनी विचारलं.

"पानी? पानी खाली वड्याला. हितं देवाचं पानी तेवढंच."

"मग ही हिरवी कशी?"

"ती तसलीच हाय," ती म्हणाली. "मुठी नाचणी म्हणत्यात. माझ्या सासूनं आणल्याली."

मग तिनं समजावून सांगितलं. या नाचणीच्या कणसाची बोटं उघडत नाहीत, आत वळून मुठीसारखी घट्ट राहतात. मळताना बडवून बडवून हात मोडतात. म्हणून गावानं ती कधीच सोडून दिली. "मी एकटीच करतो अजून," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका बोलताना असंच बोलतात, मी आलो, मी करतो. मी स्वतः घरी तसंच बोलते.

मी तेव्हा नुकतीच सरांच्या हाताखाली संशोधनाला लागले होते. कोल्हापूरच्या कडेला, एका ओढ्याजवळ आमची प्रयोगशाळा. काम सांगायला सोपं होतं: हलाखीत तगणाऱ्या पिकातलं, त्याला तगवणारं जनुक शोधायचं आणि भातात घालायचं. भात पाण्याचं लाडकं. चार दिवस पावसानं ओढ दिली की मान टाकतं. नाचणी मुरमाडावर, कुणी न बघता येते. जनुक म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी सांगायचे, पिकाच्या अंगात लिहून ठेवलेली सूचना. पाणी तुटलं की काय करायचं, पानं कधी मिटायची, वाढ कधी थांबवायची. ती सूचना एकाच्या अंगातून उतरवून घ्यायची आणि दुसऱ्याच्या अंगात लिहायची.

मी हे काम निवडलं त्याला घरचंच कारण होतं. आमची शेती शिरोळकडं. आजोबांच्या वेळी जिथं जे लावील ते पिकायचं, तिथं उसाला पाणी देऊन देऊन जमिनीवर मीठ फुटलं. लहानपणी उन्हाळ्यात मला वाटायचं, शेतात कुणी पीठ सांडलंय. दर वर्षी ते पीठ थोडं थोडं घराकडं सरकत होतं. पीक असं हवं की जे काहीही झालं तरी मरणार नाही, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं होतं. त्यात काही चुकीचं असेल असं मला कधी वाटलं नाही.

नोव्हेंबरात मळणी झाल्यावर आम्ही पुन्हा त्या बाईकडं गेलो. तोवर मी तिला आक्का म्हणू लागले होते. तिनं माळ्यावरून मडकं उतरवलं, राखेत घोळलेलं बी सुपात काढलं आणि हातानंच निम्म्याच्या वर बाजूला केलं.

"एवढं नको, आक्का," मी म्हणाले.

"असू दे. शिकल्याली मानसं तुम्ही, काय तरी बरंच करशीला."

सर खूश झाले. म्हणाले, "आमच्या थंड कपाटात ठेवलं की वीस वर्षं याला काही होत नाही. तुमच्याकडचं गेलं तरी आमच्याकडं राहील."

"वीस वरसं?" आक्का हसली. "मी न्हाय बाबा तेवढी राहायची."

मी पाकिटांवर शाईनं, इंग्रजी आकड्यांत सतरा घातला. त्या दौऱ्यातलं ते सतराव्या शेतातलं बी होतं.

पुढची चार वर्षं कशी गेली ते आता सलग आठवत नाही. मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या खोलीतून सकाळी आठला निघायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं. मुठी नाचणी कुंड्यांत वाढवली, तिचं पाणी तोडलं, आणि पाणी तुटल्यावर तिच्या पानांत जे जनुक सगळ्यांत आधी जागं होतं ते हुडकून काढलं. ते एका जिवाणूच्या पोटात घातलं. हा जिवाणू निसर्गातच झाडांच्या जखमेत शिरून आपलं जनुक त्यांच्यात सोडतो. आम्ही त्याला आमचं ओझं वाहायला लावलं. भाताच्या दाण्यापासून बाटलीत वाढवलेल्या पांढऱ्या गाठींवर तो सोडला, तीन दिवसांनी औषध घालून मारून टाकला, आणि त्या गाठींना हिरवे कोंब फुटायची वाट बघत बसलो.

हे मी एकदा आईला सांगितलं. आमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवतात. आई कांदा-बटाटा घरात आणत नाही. ती ताट घासता घासता थांबली.

"त्यात कुठला जीव घातलायस?"

"नाचणीचाच आहे आई. शाकाहारी."

"आन् तो मारलास तो?"

"तो जिवाणू गं. डोळ्याला दिसत नाही."

"दिसत न्हाय म्हणून काय झालं," ती म्हणाली आणि पुन्हा घासू लागली. मी हसण्यावारी नेलं.

चौथ्या वर्षी रोपं जाळीघरात आली. जाळीघर म्हणजे बारीक जाळीनं चारी बाजूंनी बंद केलेली शेड, दोन दारांची, जोत्यावर उभी केलेली. आतलं बी बाहेर जाता कामा नये, म्हणून प्रत्येक कुंडीची नोंद. एका बाजूला साधं भात, दुसऱ्या बाजूला आमचं. मार्चच्या उन्हात आम्ही दोन्हीकडचं पाणी तोडलं. पाचव्या दिवशी साध्या भाताची पानं वळली. दहाव्या दिवशी ते वाळून गवत झालं. आमचं हिरवं होतं. पंधराव्या दिवशी हिरवं. विसाव्या दिवशी कुंडीतल्या मातीला भेगा पडलेल्या आणि त्यातनं ते तसंच वर आलेलं, हिरवं. सरांनी दोन्ही रांगांमध्ये उभं राहून फोटो काढून घेतला, सगळ्यांना पेढे वाटले. मीही पेढा खाल्ला.

मग आम्ही पाणी दिलं.

भाताला पाणी मिळालं की रातोरात फुटवे फुटतात. हे फुटेना. आठवडा गेला, दोन गेले. कुंडीत चार बोटं पाणी उभं, खत दिलेलं, ऊन चांगलं, आणि रोपं तेवढीच्या तेवढी. पानं अरुंद, ताठ, एकमेकांना चिकटून. मरत नव्हती, वाढतही नव्हती. फुलोरा दीड महिना उशिरा आला आणि लोंब्या दाबून बघितल्या तर बहुतेक दाणे पोचट. दुपारी सगळे जेवायला गेले की मी जाळीघरात एकटी थांबायचे. बाहेर वारा असला तर साधं भात सळसळायचं. या रांगेत आवाज नसायचा. वारा लागत नव्हता असं नाही, पानं हलायची, पण इतकी आवळून की एकमेकांवर घासायची नाहीत. मला तिथं जास्त वेळ थांबवत नसे. कारण सांगता आलं नसतं.

सरांना कारण कळलं होतं. त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. "आपण सूचना उचलली," ते म्हणाले, "पण ती कधी वाचायची हे सांगणारा तिच्या शेजारचा भाग उचलला नाही. त्या जागी आपण कायम चालू राहणारा खटका बसवला. नाचणीत ही सूचना पाणी तुटलं तरच वाचली जाते. पाणी आलं की बंद. आपल्या भाताला बंद करताच येत नाही."

"म्हणजे त्याला अजून दुष्काळच वाटतोय?"

"पाण्यात उभं राहून," सर म्हणाले.

आता मुठी नाचणीचा तो शेजारचा भाग हवा होता. तिच्या पानांतून आधी काढलेला अर्क कधीच संपला होता, म्हणजे बी पुन्हा पेरायला लागणार. तो ऑगस्टचा शनिवार होता. सर म्हणाले, "सोमवारी पाकिटं काढू."

रविवारी पंचगंगेनं पात्र सोडलं. आम्हा कोल्हापूरकरांना पुराचं नवल नाही. पाणी कुठवर येणार हे म्हातारी माणसं घाटाच्या पायऱ्यांवरून सांगतात. त्या वर्षी त्यांनी सांगितलेल्या खुणेच्या वर ते आलं. पेठेत आमच्या गल्लीपर्यंत पोहोचलं नाही, पण वीज गेली, नळ गेले, रस्ते बंद झाले. प्रयोगशाळेच्या पहारेकऱ्याचा फोन कसाबसा लागला. म्हणाला, ओढ्याचं पाणी मागं फिरून आवारात शिरलंय. जनित्र तळघरात होतं, ते बुडालं. तळमजल्याच्या खिडकीला पाणी लागलंय. मी विचारलं, जाळीघर? "जोत्याला टेकलंय बघा. आतलं भात हाय तसं हाय."

सहा दिवसांनी वाट झाली. पहिल्या मजल्यावरचा अतिशीत फ्रीझर वितळून गेला होता, पण त्यातल्या जनुकाच्या नळ्यांची एक जोडी सरांनी आधीच दुसऱ्या शहरातल्या मित्राकडं ठेवायला दिली होती. ते वाचलं. बियांचं थंड कपाट तळमजल्यावर होतं. त्याचं दार गाळानं चिकटलं होतं. आम्ही दोघांनी ओढून उघडलं आणि आतून उबट, गोडसर वास आला. खालच्या खणांतली पाकिटं भिजून एकच लगदा झाला होता. मी एक पाकीट सोडवून फाडलं. आत, त्या बंद कपाटात, अंधारात, बियांना मोड आले होते. वीत वीत लांब पांढरे कोंब, उजेड हुडकत पाकिटातल्या पाकिटात गोल गोल फिरलेले, आणि तिथंच कुजलेले.

वरच्या खणात थोडी पाकिटं नुसती दमटली होती, पण शाई पसरली होती. नाचणीच्या एका पाकिटावर पहिला एक स्पष्ट होता आणि पुढं एक तिरकी रेघ, तिचं डोकं पुसलेलं. ते सतरा असेल. अकराही असेल. अक्षर माझंच होतं.

"आजऱ्याच्या बाईकडं जाऊन ये," सर म्हणाले. "तिच्याकडं असणारच."

मी गेले. चार वर्षांत मी तिथं एकदाही पाय ठेवला नव्हता. जीप वळणावर आली तेव्हा मला आधी जागाच ओळखू येईना. बांध तोच होता, पण पलीकडच्या पट्ट्यात काजूची गुडघाभर रोपं होती.

आक्का ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. आता ती वाकली होती, एका डोळ्यावर मोतीबिंदूचा पडदा आलेला. आवाजावरून तिनं मला ओळखलं. चहा झाला. मग मी विचारलं, "आक्का, मुठी नाचणी कुठं लावली यंदा?"

"गेली की ती."

"गेली म्हणजे?"

"हत्ती आलता गं. दोन वरसं झाली. कापनीच्या टायमाला. चंदगडाकडनं येत्यात, आख्खा पट्टा तुडवून गेला. मडक्यात थोडं बी हुतं, ते फुडल्या साली वाफ्यात टाकलं. तर आसा पाऊस लागला, वाफाच व्हावून गेला. मग पोरगा म्हनला, काजू लावूया."

"कुणाकडून आणली नाही परत?"

"कुनाकडं हाय? मी एकटीच करत हुतो न्हवं." ती थांबली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आन् मला काय घोर न्हवता. म्हटलं, तुमच्याकडं हाय. वीस वरसं काय हुत न्हाय म्हनून सायेब बोललेत. डोळ्याचं झालं की जाऊन मागून आनू. बरं झालं, तूच आलीस. आनलीस का?"

मी मागायला आले होते आणि ती माझ्याकडं मागत होती. तिच्या त्या धड डोळ्यात मला एवढासुद्धा संशय दिसला नाही.

"आहे," मी म्हणाले. "जूनला रोपं करून आणून देते."

हे मी का बोलले याचा मी खूप विचार केला आहे. त्या क्षणी ते खोटं आहे असंही मला वाटलं नव्हतं. एक पाकीट होतं ना. त्यावरची रेघ सातची असू शकत होती. परतताना मी सरांना फोनवर हकीकत सांगितली. ते म्हणाले, "एक पाकीट आहे म्हणालीस ना?" आम्ही दोघंही त्या एका रेघेला धरून बसलो.

हंगामातच पेरायचं ठरलं. मेच्या शेवटी मी ते दाणे ओल्या कागदावर ठेवले. दमट पाकिटातलं बी, बहुतेक मेलेलं. नऊ दाण्यांना मोड आले. नऊ रोपं. एका पानाचा नखाएवढा तुकडा काढून ते जनुक वाचलं असतं तर ही मुठी की दुसरी हे चार दिवसांत कळलं असतं. सरांनी तसं सुचवलंही. मी म्हणाले, रोपं नाजूक आहेत, पान तोडलं तर मरतील. ते खरं नव्हतं, आणि सरांनाही ते माहीत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

नऊ रोपं एका खोक्यात घालून मी एसटीनं निघाले. आजऱ्यापर्यंत खोकं मांडीवर. आक्कानं परसात न्हाणीच्या पाण्याजवळ एक तुकडा खणून ठेवला होता. तिनं एकेक रोप हातात घेऊन, डोळ्याजवळ नेऊन बघितलं आणि लावलं. मला वाटलं, दिसत नाही म्हणून एवढं जवळ धरते.

ऑक्टोबरात तिच्या मुलाच्या फोनवरून तिचा फोन आला. "येऊन जा एकदा." बस्स.

परसात नाचणी पोटाला लागेल एवढी झाली होती. सुरेख निगा राखलेली, एक तण नाही. आणि प्रत्येक कणसाची बोटं पसरलेली होती. हाताचा पंजा उघडून दाखवावा तशी.

"ही माझी न्हाय, बाई," आक्का म्हणाली. आवाज चढवला नाही.

मी एका कणसाची पसरलेली बोटं चिमटीत मिटवून बघितली.

"माझीचा बुडका तांबूस असतोय. हिचा पांढरा. आनलीस त्याच दिशी वळखलं मी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"येवढ्या लांबनं मांडीवर धरून आनलीस. म्हटलं बघू, मोठी झाल्यावर बदलती काय." ती एका कणसावरून बोट फिरवत होती. "दुसरी सापडंल की कपाटात. हुडक नीट."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. पूर, कपाट, पाकिटातले कोंब, पुसलेला आकडा. सांगताना मी तिच्याकडं बघत नव्हते, परसाच्या कुडाकडं बघत होते. माझं बोलून झालं. कोंबडी आली, तिनं हाकलली.

"म्हंजे आता कुठंच न्हाय?" तिनं विचारलं.

"तिचा एक तुकडा आहे. भातात घातलेला. आमच्याकडं."

"भातात?"

"हो."

"जित्ता हाय?"

"जित्ता आहे."

"मग दाखीव मला," आक्का म्हणाली.

त्या नाचणीचं एक पान मी परत नेलं आणि आता तपासलं. सरांच्या मित्राकडं वाचलेल्या नळीतल्या जनुकाची अक्षरं आणि या पानातली जुळली नाहीत. आक्काला ते बघायला यंत्र लागलं नव्हतं. सरांनी कागद वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे. वीस वर्षं मी म्हणालो होतो." मी नाही म्हणाले नाही.

डिसेंबरात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलगा तिला कोल्हापूरला घेऊन आला. पट्टी निघाल्यावर दोन दिवसांनी, दुपारी, मी रिक्षानं तिला प्रयोगशाळेत आणलं. काळा चष्मा, पायात नवी चप्पल. जाळीघराचं पहिलं दार लावल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मधल्या जागेत ती माझा दंड धरून उभी राहिली. आत गेल्यावर मी तिला रांग दाखवली. तिसऱ्या पिढीची रोपं होती ती, जे थोडे दाणे भरले होते त्यांची. कुंड्यांत पाणी भरलेलं.

तिनं चष्मा काढला. वाकली, चिखलात दोन बोटं घातली, बोटं चोळून बघितली. मग पान चिमटीत धरून खालून वर ओढलं. शेजारच्या रांगेतल्या साध्या भाताचंही तसंच ओढून बघितलं. पुन्हा इकडं आली.

"ह्यात हाय माझी नाचनी?"

"हो."

"पानी तर हाय की पायात."

"आहे."

"मग आसं अंग चोरून का हुबं हाय हे?" ती वाकलेलीच होती. "भ्यालंय, बाई. हे भ्यालंय."

मी दोन वर्षं त्या रोपांची उंची, पानांची रुंदी, दाण्यांचं वजन लिहीत आले होते. मला हा शब्द सुचला नव्हता.

"माझी न्हवती आशी," ती म्हणाली. "ऊन आसंल तवा मुकाट ऱ्हायची आन् पाऊस पडला की दोन दिसात आंग झाडून उठायची. भ्यायची न्हाय ती." मग तिनं विचारलं, "हेचं बी हुतंय?"

"थोडं. बाकी पोचट."

"काम झाल्यावर काय करनार हेचं?"

मला सांगायला लागलं. परवानगीची मुदत संपली की सगळी रोपं मुळासकट जाळायची असा नियम आहे. त्यांचा दाणा बाहेर जाऊन दुसऱ्या भातात मिसळू नये म्हणून. नियम बरोबर आहे, आजही मला तो बरोबर वाटतो.

"जाळू नगं," आक्का म्हणाली. विनवणी नव्हती, कोल्हापुरी बाई सांगते तसं सांगितलं तिनं. "भ्यालेल्याला जाळत न्हाईत."

तिला रिक्षात बसवलं तेव्हा तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला त्यानं जास्तच वाईट वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुदत मार्चमध्ये संपली. आवाराच्या मागं विटांची भट्टी आहे. मी आणि पहारेकरी कुंड्यांतली रोपं उपटून आणत होतो, तो टाकत होता, मी वहीत खूण करत होते. ओली रोपं लवकर पेटत नाहीत, धूर होतो. ही रोपं ओली असून लगेच पेटली. अंगात पाणीच कमी धरलेलं असावं. शेवटच्या कुंडीपाशी मी थोडी थांबले, मग तीही दिली. नोंद पूर्ण झाली, सही केली. जनुक नळीत आहेच. सरांनी आता दुसऱ्या एका नाचणीचा खटका त्याला जोडायचं काम सुरू केलंय, आणि पहिली रोपं बाटल्यांमध्ये आली आहेत. ती बरी वाढतायत. सर म्हणतात या वेळी जमेल. जमेलही. मी त्यांच्याबरोबर अजून काम करते, आणि बाटल्या उजेडात धरून बघताना दर वेळी आधी पानं एकमेकांपासून सुटी आहेत का ते बघते.

आक्का दुसऱ्या पावसाळ्यात गेली. मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता.

सरांनी बी गोळा करायचं काम पुन्हा माझ्याकडं दिलं. आता मी कुणाच्या मडक्यातून निम्मं घेत नाही, मूठभर घेते. पाकीट दोन ठिकाणी ठेवते, आकडा पेन्सिलीनं लिहिते. पेन्सिल पाण्यात पुसत नाही. आणि पुढच्या साली परत जाऊन बघते, बाईनं पेरलंय का. गेल्या दोन वर्षांत तीन ठिकाणी पेरलेलं नव्हतं.

मागच्या महिन्यात मी चंदगडच्या एका वाडीत गेले होते. तिथं एक बाई वरी करते, बारीक, काळपट दाण्याची. पावसानं ओढ दिली तरी ती येते असं मी खाली बाजारात ऐकलं होतं. बाईनं मला ओसरीवर बसवलं, ताक दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बी न्हाय द्यायचं मी. बघायचं तर हितं येऊन बघत जा."

"नका देऊ," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. तिला ते अपेक्षित नसावं. ती जरा चपापली.

"पण गावातल्या कुणाला तरी देऊन ठेवा," मी म्हणाले. "एकाच घरात ठेवू नका."

"गावातल्या?" ती माझ्याकडं बघत राहिली. "कुनाला देऊ? तूच सांग."

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं. एसटीची वेळ झाली होती. वाडीतून खाली थांब्यापर्यंत पायवाट आहे, दोन्ही बाजूंना घरं, शेणानं सारवलेली अंगणं काही ठिकाणी अजून धड. मुलं पुण्याला, गोव्याला गेलेली. सणाला येतात म्हणे. मी येताना घाईत होते, बघितलं नव्हतं. जाताना बघितलं. थांब्यापर्यंत एकाही दाराला नुसती कडी नव्हती, सगळ्यांना कुलपं होती.